आजोबांच्या फोटोमागचा नंबर : मॉरिशसची मराठी कुटुंबं आपलं गाव कशी शोधतात?

तलवाडा (ता. गेवराई) : पणजोबांच्या नावाची एक ओळ सापडावी म्हणून कागद धुंडाळणं बीड जिल्ह्याला नवं नाही. सप्टेंबर 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी निजामकाळातली उर्दू, मोडी दप्तरं उघडली. गाव नमुना 14, कोतवाल बुक हे शब्द पारावर ऐकू येऊ लागले. असाच शोध समुद्रापलीकडे मॉरिशसमधली मराठी कुटुंबं घेत आहेत. फरक एवढाच, की तलवाड्याच्या माणसाला गाव माहीत असतं आणि नोंद हवी असते. तिकडच्याकडे नोंद असते, पण गाव हरवलेलं असतं.

ही माणसं तिकडे गेली कशी?

ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद केली आणि मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडू लागले. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून 36 मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढच्या पाऊण शतकात भारतातून सुमारे साडेचार लाख माणसं करारावर तिथे गेली. बहुतेक जहाजं कलकत्ता आणि मद्रासहून सुटली. मुंबईहून गेलेले तुलनेने थोडे होते, आणि त्यांच्यात कोकणातल्या रत्नागिरी, सावंतवाडीकडच्या मराठी माणसांचा भरणा मोठा होता.

करार साधारण पाच वर्षांचा असे. एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापत. मुकादमाची उचल घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या गेवराईच्या कोयत्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. खाडा पडला की दंड, हा हिशेब त्याच्या चांगल्या ओळखीचा आहे.

फोटो आला कुठून?

बंदरावर उतरल्यावर प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. नोंदवहीत त्या क्रमांकापुढे नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, गाव-जिल्हा आणि जहाज लिहिलं जाई. आज हे दप्तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहे. युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत ते 2015 मध्ये गेलं. जिथे मजूर उतरत, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे.

1860 च्या दशकात या कागदांत फोटोची भर पडली. 1867 च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगणं भाग पाडलं. तिकीट नसेल तर पोलीस भटक्या म्हणून पकडत. हा जाच इतका होता, की 1871 मध्ये अडॉल्फ द प्लेविट्झ यांच्या पुढाकाराने 9,401 मजुरांनी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी शाही आयोग चौकशीला आला. आज नातवंडं जो चेहरा कौतुकाने चौकटीत लावतात, तो मुळात पोलिसांच्या सोयीसाठी काढलेला आहे.

यातच शोधणाऱ्यांची पहिली गफलत होते. फोटोतला माणूस पंचेचाळिशीचा दिसतो आणि वहीत वय 22 असतं, म्हणून कुटुंब ती नोंद बाजूला ठेवतं. पण वहीतलं वय उतरतानाचं, तर तिकिटावरचा फोटो अनेकदा कित्येक वर्षांनंतरचा असतो.

मग पुरावा काय?

तोच क्रमांक. मजुराच्या मुलाच्या जन्मदाखल्यात आईबापाच्या नावापुढे तो लिहिलेला असे, मृत्यूच्या नोंदीतही येई. म्हणून शोध आजच्या माणसापासून मागे जातो : स्वतःचा दाखला, आईवडिलांचं लग्न, आजोबांचा जन्म, करत करत एखाद्या दाखल्यावर नंबर सापडेपर्यंत. नंबर नसलेला फोटो कितीही जुना असला, तरी तो कोणाचाही असू शकतो.

आडनावाचा उपयोग नाही, कारण ते बहुधा आडनाव नसतंच. कारकुनाने ‘सखाराम’ लिहिलं आणि पुढच्या पिढ्यांचं आडनावच सखाराम झालं. मूळ आडनाव जहाजावर चढण्याआधीच सुटलं.

कबरीही फारशी साथ देत नाहीत. मलेरियाच्या साथीने बेट पोखरलं तेव्हा, 1867 मध्ये, बोआ मार्शाँ इथे मोठी दफनभूमी उघडली. हिंदू मजूरही तिथे पुरले गेले. आज तिथल्या कित्येक कबरींवर नाव नाही. अशा वेळी दगडापेक्षा मृत्यूच्या नोंदीवरचा नंबर कामाचा ठरतो. माणूस कधी गेला, हे तरी तो सांगतो.

गाव सापडलं तरी पेच

रत्नागिरीचं इंग्रजी स्पेलिंग त्या काळी ‘रटनाघेरी’ असं वाचावं लागेल, असं होतं. जिल्हा ओळखता येतो, गावांचं तसं नाही. समजा, वहीत ‘तुलवाडा’ असं काही लिहिलंय. ते त्वरिता देवीचं तलवाडा, विक्रमगडजवळचं तलवाडा की सावंतवाडीचं तळवडे? शेजारच्या रकान्यात जिल्हा किंवा संस्थान नसेल, तर नुसत्या अक्षरांवरून ठरवणं अशक्य. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे तेवढा एक शब्दही निकाल लावू शकतो. जातीच्या रकान्यातला ‘मऱ्हाटा’ हा शेरा मात्र फसवा. मुंबईकडच्या वेगवेगळ्या जातींच्या माणसांना कारकुनांनी तो सरसकट लावला.

आताच घाई का?

मार्च 2025 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मॉरिशस दौऱ्यात तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड देण्याचा निर्णय जाहीर केला. सहा-सात पिढ्यांची साखळी जोडायची तर घरातली आठवण चालत नाही, प्रत्येक पिढीचा कागद लागतो. मधल्या एका आजीचा विवाहदाखला नसला, तरी साखळी तिथेच तुटते.

साखळी जुळली आणि गावही नक्की झालं, तर इकडे एक दार उरतं : नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. त्यांत यात्रेला आलेल्या घराण्यांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. पण तिथे बसल्यावर गुरुजी आधी दोन गोष्टी विचारतात, गाव आणि आडनाव. मॉरिशसहून आलेल्या माणसाकडे पहिल्याचं उत्तर असतं. दुसरं विचारायलाच तो आलेला असतो.