दहा तासांची ड्युटी सगळ्यांनाच लागू आहे का?

जुलै 2025 मध्ये तेलंगण सरकारने खासगी क्षेत्रातल्या कामाच्या तासांबद्दल आदेश काढला, आणि 'आता दहा तासांची ड्युटी कायदेशीर झाली' हे वाक्य हैदराबादेत पक्कं बसलं. ते अर्धंच खरं आहे, आणि राहिलेल्या अर्ध्यात नोकरदाराच्या कामाची गोष्ट आहे.

8 जुलैपासून लागू झालेला हा आदेश व्यापारी आस्थापनांसाठी, म्हणजे मुख्यतः कार्यालयांसाठी आहे. दुकानं त्यातून वगळली आहेत. हैदराबादच्या विद्यानगरमध्ये साडीच्या दुकानात उभा असणाऱ्या सेल्समनला जुनीच मर्यादा लागू आहे: दिवसाला 8 तास, आठवड्याला 48. अशा दुकानाचं शटर रात्री साडेनऊला अर्धं खाली येतं. बाहेरून दुकान बंद दिसतं. आत मात्र दिवसभर गिऱ्हाइकांसमोर उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या असतात, गल्ला जुळवायचा असतो. हासुद्धा कामाचाच वेळ. हजेरीच्या वहीत तो चढला नाही, तर कामगाराचे तास कागदावर कमीच दिसणार.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडणारा आहे. दिवसाला 10 तास म्हणजे सहा दिवसांचे 60, असा हिशेब अनेक जण मांडतात. पण आठवड्याची मर्यादा 48 वरच आहे. चार दिवस दहा तास काम झालं, तर पाचव्या दिवशी आठच तास उरतात. त्यापुढे थांबवलं तर ओव्हरटाइम (ओटी) द्यावा लागतो, आणि तोही तिमाहीत जास्तीत जास्त 144 तासांपर्यंत. सहा तासांहून जास्त काम असेल तर मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती हवी, आणि विश्रांती धरूनही दिवस 12 तासांपलीकडे जाता कामा नये. तिमाहीचे 13 आठवडे धरले तर ओटी आठवड्याला सरासरी 11 तास होतो. म्हणजे ओटी धरून सरासरी 59 तासांचा आठवडाही नियमात बसू शकतो. मला या आदेशातली काळजीची गोष्ट हीच वाटते. 48 ही मर्यादा खरी ठरायची, तर वरच्या तासांची नोंद आणि पैसे दोन्ही चोख हवेत.

आयटीवाल्यांना तासांचं बंधनच नाही, हेही खरं नाही. या कंपन्यांना दुकाने व आस्थापना कायद्याच्या काही कलमांतून सूट आहे, पण ती अटींवर. आठवड्याला 48 तास, वरच्या वेळेचा ओटी आणि साप्ताहिक सुट्टी या त्यातल्याच अटी.

मग देशाच्या सरासरीचं काय? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2024 च्या आकड्यांत भारताची सरासरी आठवड्याला 46.7 तास होती. हे वाचून कुणाला वाटेल, सगळं मर्यादेत आहे. पण त्याच आकड्यांनुसार भारतातले 51 टक्के कामगार 49 तास किंवा त्याहून जास्त राबत होते. कुणी दोन घरी स्वयंपाक करून आठवड्याला 20 तास भरते, कुणी सुरक्षारक्षक 70 तास उभा असतो. दोघांची सरासरी 45 येते. अशा सरासरीत पगारी नोकरांबरोबर स्वतःचं किराणा दुकान चालवणारा आणि रिक्षावालाही मोजला जातो. त्यांना ड्युटीही नाही, ओटीही नाही. विद्यानगर स्टेशनवरून एमएमटीएस लोकलने हायटेक सिटीला जाण्यायेण्यात गेलेला वेळ तर कुठल्याच रकान्यात येत नाही.

48 हा आकडा आपल्याला परका नाही, आणि आठवड्याला मर्यादा घालण्याची लढाईही जुनी आहे. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांना 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी मिळाली. 1946 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत असताना कारखान्यांचा आठवडा 54 वरून 48 तासांवर आला. महाराष्ट्रातही सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने 20 किंवा अधिक कामगारांच्या दुकानांसाठी आणि आस्थापनांसाठी दिवसाचे तास 9 वरून 10 करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे पुण्यातल्या वाचकालाही हा हिशेब मांडावाच लागेल.

तो मांडायला एक वही पुरते. रोज आल्याची आणि गेल्याची वेळ त्यात टिपावी, महिनाअखेरीस पगाराच्या स्लिपवरच्या ओटीशी ताडून पाहावी. फरक निघाला, तर तेलंगणात सहायक कामगार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते.