पोटदुखीचा माग दुर्बिणीतून

अचानक उठलेल्या तीव्र पोटदुखीचे कारण सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन करूनही उमगत नाही, तेव्हा पोटात दुर्बीण घालून प्रत्यक्ष पाहण्याचा, म्हणजे निदानात्मक लॅपरोस्कोपीचा, मार्ग उरतो. माणसाच्या पोटात अशी नळी घालून पाहण्याचे अनुभव स्टॉकहोमचे डॉक्टर याकोबेउस यांनी १९१० मध्येच प्रसिद्ध केले होते. आज रुग्णाला पूर्ण भूल देऊन बेंबीजवळ जेमतेम एक सेंटिमीटरचा छेद घेतात आणि न पेटणारा, रक्तात विरघळून श्वासावाटे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पाऱ्याच्या साधारण १२ ते १५ मिलिमीटर दाबाने आत सोडतात. त्यामुळे पोटाची भिंत तंबूसारखी उचलली जाऊन अवयव मोकळे दिसतात.

तरुण स्त्रियांच्या बाबतीत या तपासणीचे मोल विशेष आहे, कारण ओटीपोटातील उजव्या बाजूचे दुखणे सुजलेल्या अपेंडिक्सचे, पीळ पडलेल्या अंडाशयाचे की गर्भनलिकेत रुजलेल्या गर्भाचे, हे बाहेरून ओळखणे अनेकदा अवघड जाते. पीळ पडून काळेनिळे झालेले अंडाशयही वेळीच सोडवल्यास पुष्कळदा वाचते, म्हणूनच अशी शंका असताना नुसती वाट पाहत राहणे योग्य नव्हे. दोष सापडला की बहुधा त्याच भुलीत, त्याच छिद्रांतून उपचारही उरकता येतो. मात्र रक्तस्रावाने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाचे पोट सहसा उघडावेच लागते.