सहातले पाच

ब्राउझरच्या खिडकीतच दुसरा प्रोग्राम चालवण्याच्या कल्पनेच्या पेटंटपायी २००३ मध्ये शिकागोच्या ज्युरीने मायक्रोसॉफ्टवर ५२ कोटी डॉलरची भरपाई लादली. ती कल्पना आधी कुणालाच सुचली नव्हती, हे ठरवतात तरी कसं? या कुतूहलापोटी पुण्यात अमेरिकी वकिलांसाठी 'प्रायर आर्ट', म्हणजे कल्पना आधीच अस्तित्वात असल्याचे पुरावे, शोधणाऱ्या एका ऑफिसात जाऊन बसलो.

शेजारची इंजिनिअर मुलगी नवख्यांना शिकवायला त्या खटल्यातलं इओलास कंपनीचं तेच पेटंट वापरते. दाव्याचं लांबलचक वाक्य तोडून तिने सहा ओळी केल्या होत्या; समोरचा रकाना पुराव्याचा. "सहातले पाच जुळले की पोरं उड्या मारतात. सहातले पाच म्हणजे शून्य." सहाही गोष्टी एकाच जुन्या वस्तूत, त्याच मांडणीत हव्यात. दोन कागद जोडून सहा भरले, तर 'हे कुणालाही सुचलं असतं' ही वेगळी लढाई.

डेटाबेस, मॅन्युअल, जुने न्यूजग्रुप हा शोधाचा क्रम ठरलेला. खरी मारामारी तारखेची. इओलासचा अर्ज १७ ऑक्टोबर १९९४ चा. त्याच्या एक वर्षाहून आधी जे लोकांसमोर आलं, ते तेव्हाच्या अमेरिकी कायद्याने पेटंटच्या विरोधात जाई. पेई-युआन वेईने आपला 'व्हायोला' ब्राउझर ७ मे १९९३ रोजी सन कंपनीच्या दोन इंजिनिअरांना दाखवला होता, गुप्ततेचा करार न करता. तरी शिकागोत हा मुद्दा ज्युरीपर्यंत पोचूच दिला नाही! ते चुकलं, असं वरच्या कोर्टाने २००५ मध्ये म्हटलं. टेक्ससच्या ज्युरीने पेटंटचे दावे अवैध ठरवले ते थेट २०१२ मध्ये. तिथे वेईबरोबर वेबचे जनक टिम बर्नर्स-लींनीही साक्ष दिली. तोवर १९९८ साली मिळालेल्या त्या कागदाने वसुली करून घेतलीच होती.

मुलीच्या स्क्रीनवर आता दुसरंच प्रकरण होतं: जुन्या मॅन्युअलचं वाकडं स्कॅन. दाव्यात अट होती, प्रोग्राम 'आपोआप' सुरू व्हावा. मॅन्युअलमधल्या एका वाक्याला तिने पिवळा रंग दिला, पुन्हा वाचलं, रंग काढला. तिथे माणूस बटण दाबत होता. एका बटणाचा फरक, आणि तेवढ्यावर कुणीतरी कोट्यवधी मागणार. मला तर ही लूटच वाटली. तिला तसं वाटायची मुभा नाही.

"सहातले पाच," मी म्हणालो.

"मॅन्युअलमध्ये. सोर्स कोडमध्ये बटणाशिवायची वाटही असू शकते." आणि कोडची प्रत आहे का, हे विचारायला तिने एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाला मेल लिहायला घेतली.