‘ययाति’ कोणाची? : अक्षरजुळणीची आज्ञावली, प्रश्नमंजूषा आणि तौलनिक साहित्याभ्यास

बंगळूर शहरातील चामराजपेट या भागात कन्नड साहित्य परिषदेचे मुख्य कार्यालय आहे. १९१५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने साहित्यसंमेलने, कोशनिर्मिती आणि ग्रंथप्रकाशन यांबरोबरच कन्नड भाषेच्या परीक्षांची एक श्रेणीबद्ध व्यवस्था उभी केली. ‘प्रवेश’, ‘काव’, ‘जाण’ आणि ‘रत्न’ ही त्या परीक्षांची चढत्या क्रमाने नावे आहेत. शेजारभाषेचे साहित्य मुळातून वाचू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला अशा पायऱ्यांची गरज असते, आणि दोन परीक्षांच्या मधल्या काळात आपली तयारी आपणच तपासून पाहण्याचीही गरज असते. ही दुसरी गरज आज संगणकावरील परस्परसंवादी प्रश्नमंजूषा भागवू शकते. कन्नड आणि मराठी साहित्याची अशी प्रश्नमंजूषा अक्षरजुळणीच्या आज्ञावलीतून कशी सिद्ध होते, आणि ती सिद्ध होत असताना साहित्यविषयक प्रश्नाचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

डोनाल्ड नूथ यांनी १९७७ मध्ये ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीचे काम आरंभिले. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर आधारलेली ‘लाटेक’ ही अधिक सुलभ प्रणाली रचली. या प्रणालीत लेखक पानाचे रूप हाताने सजवीत नाही. कोणता मजकूर शीर्षक आहे, कोणता अवतरण आहे, कोणता टीप आहे, एवढे तो साध्या खुणांनी नोंदवितो. त्या खुणांवरून पानाची मांडणी आज्ञावली करते. देवनागरीसाठी फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी रोमन लिप्यंतरातून अक्षरे जुळविण्याची सोय केली होती. जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये सादर केलेल्या ‘झीटेक’मुळे युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर थेट वापरता येऊ लागला. त्यामुळे कन्नड लिपीतील उतारा आणि त्याखाली देवनागरीतील प्रश्न एकाच धारिकेत लिहिणे आता कठीण राहिलेले नाही.

खुणांनी आशय नोंदविण्याची हीच पद्धत प्रश्नमंजूषेलाही लागू पडते. अमेरिकेतील अॅक्रन विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक डी. पी. स्टोरी यांनी रचलेल्या ‘एक्सरक्विझ’ या लाटेकच्या जोडसंचात प्रश्न, त्याचे पर्याय आणि उत्तराचे स्पष्टीकरण यांना स्वतंत्र खुणा आहेत. प्रत्येक पर्यायाच्या आधी तो बरोबर असल्यास एक आणि चूक असल्यास शून्य असा अंक लिहावयाचा असतो. या मजकुरातून तयार होणाऱ्या पीडीएफ धारिकेत जावास्क्रिप्टच्या लहान आज्ञा अंतर्भूत होतात आणि वाचकाने पर्याय निवडला की त्या निकाल सांगतात. निकाल प्रत्येक प्रश्नानंतर लगेच दाखवावा की सर्व प्रश्न सोडवून झाल्यावर, हेही लेखक ठरवू शकतो. मात्र या आज्ञा चालविणारा पीडीएफ वाचक वाचकाच्या संगणकावर असावा लागतो. न्याहाळकात धारिका उघडल्यास त्या पुष्कळदा चालत नाहीत. शिवाय उत्तरे त्याच धारिकेत असल्याने ही पद्धत स्वाध्यायास योग्य ठरते, परीक्षेस नव्हे.

दुसरा मार्ग ‘मूडल’ या अध्यापन-प्रणालीचा. लाटेकमध्ये लिहिलेले प्रश्न ‘मूडल’ याच नावाच्या जोडसंचाद्वारे एक्सएमएल धारिकेत रूपांतरित करून त्या प्रणालीत भरता येतात. तेथे उत्तरपत्रिका दूरच्या संगणकावर सुरक्षित राहते. जोड्या जुळवा, लघुत्तरी आणि निबंधवजा असे प्रश्नप्रकारही उपलब्ध होतात. एकाच मूळ मजकुरातून छापील प्रश्नपत्रिका आणि महाजालावरील प्रश्नमंजूषा अशा दोन्ही आवृत्त्या निघू शकतात, हा या मार्गाचा मोठा लाभ होय.

येथवर सर्व काही तांत्रिक आहे. प्रत्येक पर्यायापुढे एक किंवा शून्य लिहिण्याची वेळ येते तेव्हा मात्र साहित्याच्या अभ्यासकाची खरी कसोटी लागते.

‘ययाति’ कोणी लिहिली, हा प्रश्न घेऊ. मराठी वाचकाच्या मनात वि. स. खांडेकर यांचे नाव चटकन येईल. त्यांची ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. कन्नड वाचक तितक्याच सहजतेने गिरीश कार्नाड यांचे नाव घेईल. माथेरान येथे जन्मलेल्या कार्नाडांचे याच शीर्षकाचे नाटक १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. चार पर्यायांपैकी एकापुढेच एक लिहावयाचा असेल, तर प्रश्नकर्त्याने नकळत एका भाषेला प्रमाण आणि दुसरीला प्रमाद ठरविलेले असते. चूक येथे यंत्राची नाही, प्रश्नाच्या शब्दयोजनेची आहे. ‘ययाति ही मराठी कादंबरी कोणाची?’ असे विचारल्यास उत्तर एकच उरते. प्रश्न मोकळा ठेवावयाचा असेल तर एकाहून अधिक उत्तरे निवडण्याची सोय एक्सरक्विझमध्ये आहे, ती वापरावी लागते. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार कोणाला मिळाला, या वरकरणी निरुपद्रवी प्रश्नाचीही हीच गत आहे. तो द. रा. बेंद्रे आणि ओडिया कादंबरीकार गोपीनाथ महांती यांना विभागून मिळाला होता.

पर्याय न देता उत्तर टंकावयास सांगितले, की अडचणीचे स्वरूप पालटते. खांडेकरांच्या ग्रंथाचे शीर्षक ऱ्हस्व इकारान्त आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनुसार मात्र तत्सम ऱ्हस्व इकारान्त शब्द मराठीत दीर्घान्त लिहावयाचे असतात. त्यामुळे आजचा विद्यार्थी ‘ययाती’ लिहील आणि तो चूक नसेल. यंत्र अर्थ वाचीत नाही, वर्णांचे संकेतांक जुळवून पाहते. म्हणून दोन्ही रूपे स्वीकार्य उत्तरांच्या यादीत नोंदवावी लागतात. त्याहून सूक्ष्म अडचण अशी की, डोळ्यांना एकच दिसणारे शब्द संकेतांकांत वेगळे असू शकतात. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन वेगवेगळ्या क्रमांनी टंकता येतो. ‘ॲरिस्टॉटल’ या नावातील आद्याक्षर काही कळफलक एका संकेतांकाने लिहितात, काही ‘अ’ला चंद्र जोडून. ‘बेंद्रे’ हे आडनाव अनुस्वाराने लिहिले जाते तसे ‘बेन्द्रे’ असेही लिहिले जाते.

याच्या उलट धोका अतिउदारतेचा आहे. उत्तरातील विरामचिन्हे व मोकळ्या जागा दुर्लक्षिल्या जाव्यात म्हणून ‘अक्षर नसलेले सर्व काही गाळा’ अशी चाळणी लावण्याचा प्रघात आहे. परंतु जावास्क्रिप्टमधील रूढ संक्षिप्त खुणेनुसार अक्षरांत रोमन वर्ण, अंक आणि अधोरेखा एवढ्यांचीच गणना होते. त्या चाळणीतून देवनागरी किंवा कन्नड उत्तर गेले की संपूर्ण शब्दच गळून पडतो. अपेक्षित उत्तरही तसेच रिकामे होते आणि दोन रिकाम्या जागा एकमेकींशी जुळल्याने कोणतेही उत्तर बरोबर ठरते. इंग्रजीसाठी घडविलेली सोय भारतीय लिपीत अशा रीतीने आपला हेतूच गमावते. म्हणून प्रश्नमंजूषा विद्यार्थ्यांच्या हाती देण्यापूर्वी जाणूनबुजून चुकीची उत्तरे भरून ती तपासणे अगत्याचे आहे.

वरील अडचणींना निदान उपाय आहेत. काही प्रश्नांना मात्र एक-शून्याचा साचाच मानवत नाही. ज्ञानेश्वरांच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगात विठ्ठलाला ‘कानडा’ हे विशेषण आले आहे. या शब्दाचा एक अर्थ कर्नाटकाशी निगडित, दुसरा अगम्य वा दुर्बोध. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाच्या कर्नाटकाशी असलेल्या अनुबंधाचा सविस्तर शोध घेतला आहे. अभंगाच्या वाचनात मात्र दोन्ही अर्थ एकमेकांना छेद न देता नांदतात. प्रश्नमंजूषेने एका अर्थापुढे एक आणि दुसऱ्यापुढे शून्य लिहिले, तर शतकानुशतके खुला राहिलेला अर्थ परीक्षेच्या जोरावर बंद होतो. सीमाभागातील भाषिक संबंध ज्या विद्यार्थ्याने संवेदनशीलतेने समजून घ्यावयाचे, त्याच्या हाती ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ असे दोन रकाने येतात. येथे दोन्ही पर्याय ग्राह्य धरून स्पष्टीकरणाच्या जागेत त्यांतील ताण उलगडणे हेच उचित होय. एक्सरक्विझमध्ये उत्तरासोबत स्पष्टीकरण जोडण्याची जी सोय आहे, ती गणितात उकल दाखविण्यासाठी असते. साहित्यात तीच टीका-टिप्पणीची जागा ठरू शकते.

या विवेचनावरून प्रश्नांची तीन स्तरांत विभागणी करता येईल. ग्रंथ, कर्ता, काल, भाषा यांविषयीचे प्रश्न यंत्राने तपासावेत, मात्र त्यांची शब्दयोजना एकापेक्षा अधिक साहित्यांची जाण ठेवून केलेली असावी. अनेकार्थाचे प्रश्न यंत्राने विचारावेत, पण त्यांचा निर्णय गुणांवर न सोपविता स्पष्टीकरणावर सोपवावा. खांडेकरांच्या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी सांगतात. कार्नाडांच्या नाटकात पुरूने पित्याचे वार्धक्य स्वीकारल्यावर त्याच्या पत्नीची, चित्रलेखेची, शोकांतिका पुढे येते. या दोन रचनांतील भोग आणि त्याग यांची तुलना हा तिसऱ्या स्तराचा प्रश्न आहे. तो निबंधवजा उत्तराचा असून त्याचे मूल्यमापन अध्यापकानेच करावयास हवे.

अक्षरजुळणीच्या आज्ञावलीचे खरे साहाय्य या विभागणीतच आहे. प्रत्येक पर्यायापुढे अंक लिहावयास लावून ती अभ्यासकाला स्वतःच्या गृहीतांची नोंद घ्यावयास भाग पाडते. वर्गात मोघम विचारलेला प्रश्न अध्यापक संवादातून सावरून घेऊ शकतो. प्रश्नमंजूषेतील प्रश्न शेकडो विद्यार्थ्यांसमोर एकटाच उभा राहतो आणि त्यातील एकभाषी दृष्टी तितक्याच वेळा उमटते. कन्नड आणि मराठी यांच्यामधली वाट चालणाऱ्या विद्यार्थ्याला ‘चूक’ हा शेरा मिळावयाचा असेल, तर तो त्याच्या अज्ञानाबद्दल मिळावा. त्याने शेजारच्या भाषेतील ‘ययाति’ वाचली आहे, एवढ्याचसाठी तो मिळू नये.