यंत्र चोख, पण भरवसा संपलेला!

मिक्सर घेताना आपण काय पाहतो? मोटार कशी आहे अन् गॅरंटी किती वर्षांची, बस्स! उद्या कंपनी बुडाली तरी मिक्सर चटणी वाटतच राहतो. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्राचं, म्हणजे कन्सोलचं, मात्र तसं नाही. त्याचा जीव असतो पुढे येणाऱ्या गेम्समध्ये. नवे गेम थांबले, की धडधाकट यंत्रही माळ्यावर जाऊन पडतं. म्हणूनच गिऱ्हाईक विचारतं, ‘हे टिकणार किती वर्षं?’ जपानच्या सेगा कंपनीच्या ‘ड्रीमकास्ट’ला नेमका हाच प्रश्न भोवला.

ड्रीमकास्ट जपानमध्ये २७ नोव्हेंबर १९९८ रोजी विक्रीला आला. अमेरिकेसाठी मुहूर्त धरला तो ९-९-९९चा! किंमत १९९ डॉलर. पहिल्या २४ तासांत तिथे सव्वादोन लाख नग खपले. चित्रं अशी जिवंत, की तेव्हाच्या प्लेस्टेशननं तोंडात बोट घालावं. टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या गड्याशी खेळता यावं म्हणून मोडेम आतच बसवलेला. तरीही अनेकजण साशंक होते. का?

कारण दुधानं तोंड पोळलं होतं. १९९४ साली सेगानं आपल्या जुन्या यंत्राला जोडायचा ‘३२एक्स’ विकला. वर्षभरात ‘सॅटर्न’ हे नवंच यंत्र आणलं आणि ३२एक्स वाऱ्यावर सोडला. सॅटर्नही अमेरिकेत मे १९९५ मध्ये, जाहीर तारखेच्या चार महिने आधीच, अचानक बाजारात उतरवला. अनेक दुकानदारांना माल मिळाला नाही, गेम बनवणाऱ्यांची तयारी नव्हती आणि किंमत होती ३९९ डॉलर. सोनीनं लगेच प्लेस्टेशनची किंमत जाहीर केली : २९९! अमेरिकेत सॅटर्न पार आपटला. दोनदा फसलेलं गिऱ्हाईक तिसऱ्यांदा पाकिटात हात घालताना विचार करणारच.

त्यात ड्रीमकास्ट अमेरिकेत येण्याच्या सहा महिने आधीच सोनीनं ‘प्लेस्टेशन २’ची घोषणा करून टाकली. त्यावर जुने गेमही चालणार होते आणि डीव्हीडीवरचे सिनेमेही दिसणार होते. ‘थोडं थांबू या,’ असं लोकांनी ठरवलं. खेळांच्या गेम्समध्ये दबदबा असलेल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीनं तर ड्रीमकास्टसाठी एकही गेम केला नाही. गिऱ्हाईक थांबलं म्हणून गेम बनवणारे कचरले, गेम कमी म्हणून गिऱ्हाईक आणखी थांबलं. भरीला २००० साली ड्रीमकास्टच्या गेम्सच्या चोरट्या प्रती साध्या सीडीवर निघू लागल्या. यंत्रावर सोसलेला तोटा गेम विकून भरून काढायचा, तर तीही वाट अडली.

किंमत आधी १४९ डॉलरवर आली. अखेर ३१ जानेवारी २००१ रोजी सेगानं ड्रीमकास्टचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि मग किंमत ९९ डॉलरवर आली. एकूण खप सुमारे ९१ लाख. २०१३ पर्यंत बनत राहिलेल्या प्लेस्टेशन २चा खप १५ कोटींच्या वर गेला. कंपनी सावरावी म्हणून सेगाचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी स्वतःची कोट्यवधी डॉलरची मालमत्ता तिला दिली. मार्च २००१ मध्ये त्यांचं निधन झालं. त्याच वर्षअखेरीस सेगाचा लाडका ‘सॉनिक’ जुन्या वैऱ्याच्या, निंटेंडोच्या, यंत्रांवर धावू लागला!

गंमत म्हणजे ड्रीमकास्टनं पाहिलेलं, घरबसल्या इंटरनेटवरून खेळण्याचं स्वप्न पुढे साऱ्याच कन्सोलांनी उचललं. म्हणजे यंत्रात खोट नव्हती. शंका खरी ठरली, ती बरीचशी सगळ्यांनी एकदमच शंका घेतल्यामुळे.

म्हणूनच मुलांनी नव्या कन्सोलचा हट्ट धरला, तर खोक्यावरच्या आकड्यांनी दिपून जाऊ नका. त्यावर कोणकोणत्या कंपन्या गेम करणार आहेत आणि जुने गेम चालणार आहेत का, हे आधी विचारा. यंत्र काय करतं, हे खोक्यावर छापलेलं असतं. ते किती वर्षं साथ देईल याचा अंदाज मात्र, त्याच कंपनीनं मागच्या दोन यंत्रांचं काय केलं, यावरून येतो.