पूर, तान्हं बाळ आणि पावडरचा डबा

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी सांगली-कोल्हापूरच्या गावांत शिरलं, तेव्हा राज्यभरातून मदतीचे टेम्पो निघाले. माया खरी होती. पण अशा प्रत्येक पुरात काही समज त्या टेम्पोंसोबत प्रवास करतात. त्यातला एक थेट बाळाच्या जिवावर उठतो.

समज असा, की धसक्यानं आईचं दूध आटतं, म्हणून छावणीत पावडरचे डबे पाठवावेत. धसक्यानं दूध उतरायला थोडा वेळ लागतो, हे खरं. पण दूध तयार होणं थांबत नाही. बाळाला पुन्हा पुन्हा अंगाशी घेतलं की ते उतरतं. उलट, पावडर कालवायला लागतं स्वच्छ पाणी, उकळलेली भांडी आणि इंधन. पुरात नेमकं हेच नसतं. बोट्स्वानात २००६ च्या सुरुवातीला अतिवृष्टीनंतर जुलाबाची साथ आली आणि शेकडो बालकं दगावली. सर्वाधिक धोका अंगावर न पिणाऱ्या बाळांना होता. आपल्याकडे तर १९९२ च्या कायद्यानं अशी पावडर फुकट वाटायला मनाई आहे, अपवाद अनाथालयांचा. ज्या बाळाला आईच नाही किंवा जे आधीपासून वरच्या दुधावर आहे, त्याची सोय आरोग्य कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली व्हावी, आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्यानं.

मग बाळासाठी काय पाठवायचं? आईसाठी पाठवा. पोटभर जेवण, पिण्याचं पाणी, आणि शाळेच्या गजबजलेल्या वर्गात आडोसा धरायला दोन चादरी. आडोशाअभावी कितीतरी बाया बाळाला पाजायलाच संकोचतात.

‘जुने कपडे कामी येतातच’ हाही समज. विटलेल्या साड्यांचे ढीग निवडायला माणसं अडकतात. नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे सुके कपडे मात्र हातोहात लागतात.

जुलाब लागले की मुलाचं खाणंपिणं बंद करणं तर फारच घातक. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहावं, दूध चालू ठेवावं. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्यानं झिंक.

आणि पाणी ओसरलं म्हणजे संकट सरलं, असंही नाही. चिखल उपसताना मुलं अनवाणी हिंडतात. उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिस होतो. तोवर टेम्पो परतलेले असतात. निदान दोन आठवड्यांनी तरी गावच्या आशाताईंना फोन करून विचारा, मुलांना आता काय हवंय.