नजर चुकवू नका, माणूस पाहा

विद्रूप चेहऱ्याचा एक तरुण, तिकीट काढून त्याला पाहायला येणारी गर्दी आणि हसून त्याच्याशी हात मिळवणारी एक स्त्री... ‘द एलिफंट मॅन’ हा चित्रपट १९८० सालचा असला, तरी त्यातला प्रश्न आजही आपल्या दाराशी उभा आहे.

बंगळूरच्या व्हाइटफील्ड भागात आम्ही राहतो, त्या वसाहतीत मराठी कुटुंबे पंधरा-वीस असतील. गणपती, कोजागरी, संक्रांतीचे हळदीकुंकू हे तर होतेच. शिवाय महिन्यातून एकदा क्लब हाऊसमध्ये एखादा जुना, गाजलेला चित्रपट सगळ्यांनी मिळून पाहायचा, असा आमचा प्रघात आहे. मागच्या खेपेला ‘द एलिफंट मॅन’ लावला होता. नाव ऐकून काहींना वाटले, सर्कशीची गंमत असेल. मुलेही हौसेने पुढे सतरंजीवर येऊन बसली.

अर्ध्या तासानंतर सभागृहात चिडीचूप झाले. दोन-तीन आयांनी लहान मुलांना उठवून बाहेर नेले. सातवीत शिकणारी माझी मुलगी मात्र शेवटपर्यंत बसून होती. घरी परतताना फाटकाजवळच्या झाडाखाली उभी असलेली इस्त्रीची गाडी दिसली. दिवसभर तिथे कोळशाची इस्त्री फिरवणाऱ्या बाईंना आम्ही सगळे ‘अक्का’ म्हणतो. त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू भाजल्याच्या व्रणांनी ओढली गेली आहे. तो भाग झाकला जाईल असा पदर त्या डोक्यावरून घेतात. त्या वेळी त्या गाडीवर प्लॅस्टिक झाकून घरी निघाल्या होत्या.

थोडे पुढे गेल्यावर मुलीने विचारले, “आई, अक्कांशी बोलताना तू नेहमी कपड्यांकडेच का बघतेस?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. पाच वर्षांत मी त्यांच्याकडे धड चेहरा वर करून पाहिले नव्हते. ‘उगाच त्यांना अवघडल्यासारखे नको,’ अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. खरे तर अवघडलेली मीच होते.

पडद्यावरची कहाणी

चित्रपटाची गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लंडनची. फ्रेडरिक ट्रीव्ज नावाच्या शल्यविशारदाला एका खेळात ‘हत्तीमानव’ म्हणून दाखवला जाणारा तरुण आढळतो. त्याचे डोके प्रचंड वाढलेले, कातडी गाठीगाठींची, उजवा हात निरुपयोगी. हा मतिमंद असावा, असे डॉक्टरांनाही आधी वाटते. पण तो वाचू शकतो, प्रार्थना म्हणू शकतो, आईचे चित्र जिवापाड जपतो. त्याला इस्पितळात आसरा मिळतो. मग मोठमोठी माणसे त्याला भेटायला येऊ लागतात आणि डॉक्टर ट्रीव्जना रात्री झोप येईनाशी होते. खेळवाला त्याला गरिबांना दाखवत होता, मी श्रीमंतांना दाखवतो. मग माझ्यात आणि त्याच्यात फरक काय? चित्रपटातला हा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला.

दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांनी हा चित्रपट मुद्दाम कृष्णधवल रंगात काढला. जॉन हर्टने नायकाची, तर अँथनी हॉपकिन्सने डॉक्टरांची भूमिका केली. निर्मिती मेल ब्रुक्स यांच्या संस्थेची होती. पण ब्रुक्स विनोदी चित्रपटांसाठी प्रसिद्ध. आपले नाव वाचून लोक हसायच्या तयारीने येतील, म्हणून त्यांनी ते श्रेयनामावलीत येऊ दिले नाही. ख्रिस्तोफर टकर यांनी केलेली रंगभूषा चढवायला रोज सात-आठ तास लागत. मूळ माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या शरीराचे जे साचे काढून ठेवले होते, त्यांच्यावरून ती तयार केली होती. ऑस्करची आठ नामांकने मिळूनही एकही बाहुली हाती आली नाही. रंगभूषेसाठी तेव्हा वेगळे पारितोषिकच नव्हते. ते पुढच्या वर्षापासून सुरू झाले. ब्रिटिश अकादमीने मात्र सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट अभिनेता हे दोन्ही मान दिले.

तो खरा कोण होता?

चित्रपटात त्याचे नाव जॉन आहे. खरे नाव जोसेफ मेरिक. ट्रीव्जनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत ‘जॉन’ लिहिले आणि तीच चूक पुढे चालत राहिली. जोसेफचा जन्म ५ ऑगस्ट १८६२ रोजी इंग्लंडमधील लेस्टर गावी झाला. लहानपणीच अंगावर गाठी दिसू लागल्या. गरोदरपणी आईला हत्तीचा धक्का लागून ती घाबरली, म्हणून मूल असे झाले, अशी घरच्यांची समजूत होती. ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाला व्यंग आले, असे आपल्याकडे म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या वाचकांचा इथे एक गैरसमज होऊ शकतो. डासांमुळे पसरणाऱ्या आणि पाय सुजवणाऱ्या हत्तीरोगाशी या आजाराचा काही संबंध नाही. जोसेफला ‘प्रोटिअस सिंड्रोम’ नावाची अतिशय दुर्मीळ व्याधी असावी, असे मत १९८६ साली पुढे आले आणि तज्ज्ञांमध्ये ते बरेचसे मान्य झाले. हाडे आणि कातडी अनिर्बंध वाढत जातात, असा हा विकार आहे. तो संसर्गजन्य नाही.

जोसेफ अकरा वर्षांचाही नव्हता, तेव्हा आई वारली. सावत्र आईच्या घरात त्याचे दिवस वाईट गेले. त्याने सिगार वळण्याचे काम केले. उजवा हात वाढत गेला, तसे तेही सुटले. दारोदार वस्तू विकायला निघाला, तर लोक दार लावून घेत. अखेर १८७९ मध्ये तो निर्धनांसाठीच्या कामघरात दाखल झाला. तिथले आयुष्य कैद्यासारखे होते. काही वर्षांनी त्यातून सुटण्याचा मार्ग त्याने स्वतःच शोधला. १८८४ साली त्याने एका खेळवाल्याला कळवले, की मला लोकांसमोर दाखवा.

चित्रपटात आणि वास्तवात मोठा फरक आहे तो इथेच. पडद्यावरचा खेळवाला त्याला गुरासारखा मारतो. खऱ्या आयुष्यात लंडनमध्ये त्याचा खेळ लावणाऱ्या टॉम नॉर्मनने पुढे सांगितले, की जोसेफला कमाईचा वाटा मिळत होता आणि भीक न मागता जगण्याचा त्याला अभिमान होता. नॉर्मनची बाजू कितपत खरी धरायची, यावर वाद होतील. पण जोसेफने पन्नासेक पौंड साठवले होते, एवढे खरे. युरोपच्या दौऱ्यावर दुसऱ्या एका खेळवाल्याने ते लुबाडून त्याला बेल्जियममध्ये वाऱ्यावर सोडले. जून १८८६ मध्ये तो कसाबसा लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवर पोहोचला. भोवती गर्दी जमली. खिशात डॉक्टर ट्रीव्जचे कार्ड होते, म्हणून पोलिसांनी त्यांना बोलावले.

बऱ्या न होणाऱ्या रुग्णांना कायम ठेवण्याची लंडन हॉस्पिटलला मुभा नव्हती. हॉस्पिटलचे अध्यक्ष कार गॉम यांनी डिसेंबर १८८६ मध्ये ‘द टाइम्स’ला पत्र लिहिले आणि सामान्य लोकांनी इतके पैसे पाठवले, की जोसेफची आयुष्यभराची सोय झाली. त्याला स्वतःच्या खोल्या मिळाल्या. तिथे बसून एका हाताने तो जाड कागदाच्या चर्चच्या प्रतिकृती बनवत असे. ११ एप्रिल १८९० रोजी, अवघ्या २७ व्या वर्षी, तो अंथरुणात मृतावस्थेत सापडला. डोक्याच्या वजनामुळे तो नेहमी बसून झोपत असे. त्या दिवशी मात्र तो आडवा पडलेला होता. इतरांसारखे झोपण्याची त्याची इच्छा होती, असे ट्रीव्जनी लिहिले आहे. त्याचा सांगाडा लंडनच्या वैद्यकीय महाविद्यालयात जतन केलेला आहे आणि आता तरी त्याला मातीत विसावू द्या, अशी मागणी अधूनमधून होत असते.

या सगळ्या आयुष्यातला एक प्रसंग मनात घर करून राहतो. ट्रीव्जनी आपल्या ओळखीच्या एका तरुण विधवेला विनंती केली, की तुम्ही त्याच्या खोलीत जा, हसून नमस्कार करा आणि हात मिळवा. तिने तसे केले. जोसेफ गुडघ्यांवर डोके टेकून हुंदके देऊ लागला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी स्त्री त्याच्याकडे पाहून हसली होती.

आजीने न घेतलेली भाजी

त्या रात्री मला माहेरची आठवण झाली. माझे माहेर चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याकडचे. वरोऱ्याजवळच १९५१ साली बाबा आमटे यांनी आनंदवन उभारले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. सोबत साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन चिमुकली मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. मिळालेली जमीन खडकाळ, वाघ-विंचवांची.

पण त्याआधीचा प्रसंग अधिक मोलाचा आहे. एका पावसाळी रात्री रस्त्याकडेला पडलेला, हातापायांची बोटे झडलेला, जखमांत किडे पडलेला तुळशीराम बाबांना दिसला आणि एरवी कशालाही न भिणारे बाबा घाबरून घरी पळाले. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. पळालो, याचीच त्यांना लाज वाटली. ते परत गेले, त्याला खाऊ घातले, त्याची सेवा केली. जिथे भीती आहे तिथे प्रेम राहू शकत नाही, असे त्यांना वाटले आणि पुढचे सारे आयुष्य त्यातून घडले.

आनंदवनात भाजीपाला पिकू लागला, तेव्हा वरोऱ्याच्या बाजारात तो कोणी घेत नसे. माझी आजी सांगायची, “वांगी इतकी ताजी असायची, पण हात पुढे व्हायचा नाही.” पुढे परदेशांतून आलेले स्वयंसेवक आनंदवनात राहिले, तिथलेच अन्न जेवले, तेव्हा कुठे लोकांची भीड चेपली. आजी म्हातारपणी कबूल करायची, “रोग त्यांच्या बोटांत होता, पण खोट आमच्या डोळ्यांत होती.”

बाबांचा आग्रह दयेचा नव्हता, कामाचा होता. दानाने माणूस दुबळा होतो आणि कष्टाने उभा राहतो, ही त्यांची धारणा. जोसेफ मेरिकला तरी काय हवे होते? सिगारचे काम सुटले, फेरीचा धंदा बुडाला. उरले ते फक्त शरीर दाखवणे. इस्पितळाने त्याला माया दिली, निवारा दिला, ही लहान गोष्ट नव्हे. पण कमावण्याचा मार्ग त्याला कोणी दिला नाही. २००२ साली डॉ. विकास आमटे यांनी ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद सुरू केला. त्यात अपंग आणि कुष्ठमुक्त कलावंत गातात, नाचतात. तिथेही प्रेक्षक रंगमंचाकडेच पाहतात. पण ते व्यंग पाहायला येत नाहीत, गाणे ऐकायला येतात. बघणे तेच, पण समोरच्याचा मान राखणारे.

कायदा बदलला, आपण?

कुष्ठरोग्यांना वेगळे डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यातून काढले गेले ते २०१९ मध्ये. वास्तविक हा रोग सहा ते बारा महिन्यांच्या मोफत औषधोपचाराने पूर्ण बरा होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींबरोबर ॲसिड हल्ल्यातील पीडितांचाही समावेश झाला. २०२० च्या ‘छपाक’ या हिंदी चित्रपटात असाच होरपळलेला चेहरा नायिकेचा होता. कागदावर पुष्कळ झाले आहे. पण अंगावर कोड असलेल्या मुलीचे लग्न ठरवताना आपण आजही कुजबुजतोच ना? कोड हा कुष्ठरोग नव्हे, तो एकाचा दुसऱ्याला होत नाही, हे ठाऊक असूनही!

मुलांना आपण शिकवतो, “तिकडे बघू नको.” हेतू चांगला असतो, पण मूल त्यातून शिकते ते एवढेच, की हा माणूस बघण्याजोगा नाही. त्यापेक्षा सांगावे, की बघ, हस, नमस्कार कर. ‘काय झाले होते?’ हे पहिल्याच भेटीत विचारू नये. ‘बिचारी’ हा शब्द तर तोंडातून काढूच नये. आणि अशा व्यक्तीच्या हातचे काम चांगले असेल, तर ते चांगले आहे म्हणून घ्यावे, उपकार म्हणून नव्हे.

चित्रपट पाहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कपड्यांचे गाठोडे घेऊन झाडाखाली गेले. बंगळूरात कुणीही कुणाला सहज विचारतो ते विचारले, “अक्का, ऊट आयता?” म्हणजे जेवण झाले का? विचारताना मुद्दाम चेहऱ्याकडे पाहिले. त्या क्षणभर थबकल्या. मग “आयतु” म्हणाल्या आणि माझ्या जेवणाची चौकशी केली. माझे कन्नड तेवढ्यावरच संपत होते, म्हणून आम्ही दोघी हसलो.

पदर त्यांनी सरकवला नाही. तशी अपेक्षाही मी करू नये. पाच वर्षे मी मान खाली घालून काढली होती; त्या एका दिवसात भरवसा ठेवतील कशा? पण त्या दिवशी मला पहिल्यांदाच कळले, की अक्कांचे डोळे फार हसरे आहेत.